डावी अण्णांची, उजवी मुकुंदाची

"नाद अखंड असतो. त्याची वाटणी होत नसते," असं अण्णांनी नानांच्या श्राद्धाला जमलेल्या मंडळींना सांगितलं आणि पुराव्यादाखल शेजारच्या स्पीकरवर तळहाताने थाप मारली.

थाप जरा जास्त बसली. कंबरभर उंचीच्या त्या पेटीवरचा लाकडाचा पातळ पापुद्रा, ज्याला बाजारात व्हिनिअर म्हणतात, टर्रकन सुटला आणि अण्णांच्या हाताला चिकटून वर आला. खालून एक झुरळ बाहेर पडलं. त्याने जमलेल्या मंडळींकडे एकदा नीट पाहिलं आणि घाई न करता ते कपाटामागे गेलं. अण्णांनी हात झटकला, पापुद्रा केराच्या टोपलीत टाकला आणि पानं मांडायला सांगितली.

वाटणी होत नसते म्हणणाऱ्या अण्णांच्या घरी त्या जोडीतली फक्त डावी पेटी होती. उजवी त्यांच्या धाकट्या भावाकडे, मुकुंदाकडे, दोन गल्ल्या पलीकडे होती. कुमुद, म्हणजे माझी बायको, ही या दोघांच्या मधली बहीण. त्यामुळे या सगळ्या प्रकरणात मी जावई. जावयाला सासरचं सगळं दिसतं, फक्त त्यावर बोलायचं नसतं. म्हणून आज, वीसएक वर्षांनी बोलतो आहे.

नानांनी, माझ्या सासऱ्यांनी, त्या पेट्या एका सुताराच्या मागे लागून करून घेतल्या होत्या. वरच्या अर्ध्यात जाळीचं कापड, खालच्या अर्ध्यात सागवानी व्हिनिअर. दर रविवारी सकाळी सांगलीतल्या त्या घरात रेकॉर्ड लागायची. मुलगे शेजारीशेजारी बसले की भांडायचे, म्हणून नाना एकाला डाव्या भिंतीला बसवत, दुसऱ्याला उजव्या. आणि पेट्यांच्या समोर, बरोबर मधोमध, एक बुटकी खुर्ची असायची. तिच्यावर कुमुद.

नाना गेल्यावर वाटणी झाली. राहतं घर अण्णांना, मोकळा प्लॉट मुकुंदाला, पातेली वजनावर. त्या घरची एक जुनी पद्धत होती. वाटे मांडायचे, एकाने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, दुसऱ्याने एका वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, हा कोणाचा? मुलं लहान असताना नाना चिक्की अशी वाटत. पुढे केस पिकलेला मुकुंदा त्याच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, अण्णांनी डाव्या पेटीवर बोट ठेवलं आणि मुकुंदा म्हणाला, "तुझी." पेट्या दोन आणि भाऊ दोन, त्यामुळे हे गणित बाकी न उरता सुटलं. सगळ्यांना फार समाधान वाटलं. एका गाण्याचा निम्मा भाग एका गल्लीत आणि निम्मा दुसऱ्या गल्लीत गेला आहे, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही.

अँप्लिफायर मात्र एकच होता. तो मधोमध कापायची सूचना कोणी केली नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. एकाला दिला तर दुसऱ्याला झोप लागणार नाही, म्हणून तो तटस्थ राष्ट्रात, म्हणजे आमच्या घरी, रेकॉर्ड प्लेअर आणि रेकॉर्डच्या गठ्ठ्यासकट ठेवायला दिला. कुमुदने हक्कसोडपत्रावर सही केली, रिवाजाप्रमाणे साडी घेतली, आणि तो धोंडा मांडीवर घेऊन रिक्षाने घरी आली.

पुढे अण्णांच्या पेटीवर माशांची काचपेटी आली. तिचं पाणी झिरपून व्हिनिअरला फोड आले. मुकुंदाची पेटी गॅलरीत गेली आणि त्याच्या बायकोने तिला ग्रिलचा उरलेला पांढरा रंग देऊन टाकला. मधल्या काळात दोघांनीही कोणाकोणाला बोलावून आपापली पेटी टीव्हीला जोडून पाहिली, आणि ती बातम्यांना बरी वाटत नाही म्हणून सोडून दिली.

तर श्राद्धाचं जेवण झालं. निघताना कुमुद स्वयंपाकघरात गेली ती जरा वेळाने आली. रिक्षात तिने पर्स उघडली. आत तो टोपलीतला पापुद्रा होता, पुसून, रुमालात गुंडाळलेला.

"मला दोन्ही पाहिजेत," ती म्हणाली.

"काय दोन्ही?"

"पेट्या."

मी म्हटलं, ते देणार नाहीत.

"मागणार कोण आहे," ती म्हणाली आणि पर्स बंद केली.

दुसऱ्या दिवशी तिने अण्णांना सांगितलं की तुझी पेटी दुरुस्त करून देते. अण्णांनी आधी मुकुंदाच्या पेटीचं काय, ते विचारलं. तीही करणार म्हटल्यावर ते म्हणाले, ठीक आहे, पण माझी आधी. मुकुंदाने विचारलं की अण्णाला कसली लाकडं लावणार. एकच लावणार म्हटल्यावर तो म्हणाला, ठीक आहे, पण माझी त्याच्यापेक्षा कमी दिसता कामा नये. दुसऱ्याला मिळतंय आणि आपल्याला नाही, या एका भीतीवर आठवड्याच्या आत दोन्ही पेट्या आमच्या विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये आल्या. मी नुकताच निवृत्त झालो होतो, म्हणजे घरातल्या कोणत्याही कामाला उपलब्ध होतो. पेट्या जिन्याने वर चढवणं हे त्यातलं पहिलं.

कुमुद शिवणाचे वर्ग घ्यायची. सुतारकाम तिला येत नव्हतं आणि तसं तिने कधी म्हटलंही नाही. व्हिनिअर हे जाड कापड आहे, असं तिने ठरवलं आणि कामाला लागली. ओलं फडकं पसरून वरून गरम इस्त्री फिरवायची, खालचा जुना सरस मऊ झाला की पत्र्याच्या पातीने पापुद्रा उचलायचा. घरभर जुन्या सरसाचा वास सुटला. शेजारच्या बाईंनी कुत्र्याने काही आणून टाकलंय का, अशी चौकशी केली. माझे सदरे त्या काळात चुरगळलेलेच राहिले, कारण इस्त्रीला घरात एकच नवरा असतो आणि तो त्या वेळी मी नव्हतो.

मुकुंदाच्या पेटीवरचा पांढरा रंग निघता निघेना. मी म्हटलं, त्याच्यावरच लावून टाकू, आतलं कोणाला दिसतंय. कुमुद म्हणाली, "अस्तर चुरगळलेलं असलं की ब्लाउज बसत नाही." मग मी पॉलिश पेपर घासत राहिलो. खड्ड्यांत लांबी, म्हणजे सुतारांची पुट्टी, भरली, ती वाळली, पुन्हा घासली. आवाज ज्यातून येतो ते कागदी भोंगे नानांच्या वेळचेच होते आणि ते शाबूत होते. माणसांपेक्षा कागद टिकतो असं मी म्हटलं. कुमुदने माझ्या हातातला पेपर संपल्याचं दाखवून दिलं.

नवीन व्हिनिअर घ्यायला आम्ही वखारीमागच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने एकाहून एक सुंदर पापुद्रे काढून दाखवले. कुमुद सगळ्यांना नाही म्हणाली. तिला एकाच ओंडक्यातून लागोपाठ निघालेले दोन पाहिजे होते. दुकानदार म्हणाला, बाई, पेट्या दोन आहेत ना, मग थोडा फरक असला तर काय बिघडतं? कुमुद म्हणाली, "चौकडीच्या कापडात जोडावर चौकडी हुकली तर तुम्ही तो शर्ट घालाल का?" त्याने स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं आणि गठ्ठा पुन्हा खाली उतरवला.

असे दोन मिळाले. तिने ते घरी आणून पुस्तकासारखे उघडून जमिनीवर ठेवले, बराच वेळ पाहिले, आणि मला वर्तमानपत्राने झाकून ठेवायला सांगितले. का, ते सांगितलं नाही.

मग तपासण्या सुरू झाल्या. अण्णा संध्याकाळी फिरायला निघाले की त्यांचे पाय आपोआप आमच्या जिन्याला लागत. ते खुर्चीत बसून काठीने आपली पेटी दाखवत आणि म्हणत, रंग जरा गडद ठेव, भारदस्त दिसलं पाहिजे. कुमुद नाही म्हणायची. मुकुंदा सकाळी यायचा. त्याला फिकट पाहिजे होतं, त्याच्या सोफ्याला जुळेल असं. कुमुद त्यालाही नाही म्हणायची. ज्या बाईने हक्कसोडपत्रावर एका शब्दाने न विचारता सही केली, तिच्या तोंडून लागोपाठ इतके नकार ऐकून दोघेही बावचळले. मुकुंदाने मला बाजूला घेऊन विचारलं, "दाजी, ताईची तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, इतकी बरी मी कधी पाहिली नव्हती.

लाकडावर आणि व्हिनिअरवर गोंद लावून तो वाळू द्यायचा आणि मग वरून इस्त्री दाबत न्यायची, म्हणजे गोंद वितळून धरतो. पुढच्या फळ्या तिने सगळ्यांत शेवटी लावल्या. त्यावर लाखेच्या पॉलिशचे हात देताना मला खोलीत घेतलं नाही. पेट्यांवर जुन्या चादरी टाकल्या आणि दोन्ही भावांना रविवारी सकाळी या म्हणून निरोप दिला.

शनिवारी तिने अँप्लिफायरला दोन्ही पेट्या जोडून रेकॉर्ड लावली. ऐकून तिचं तोंड पडलं. मग ती एका पेटीमागे गेली, काहीतरी केलं, पुन्हा लावली, आणि या वेळी ती रेकॉर्ड संपेपर्यंत तिथून उठली नाही. त्यामुळे रविवारी सकाळी ती पुन्हा स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याच पेटीमागे वाकलेली पाहिल्यावर मी विचारलं, काल नीट झालं होतं ना?

"झालं होतं," ती म्हणाली. "तुम्ही चहा घ्या."

दोघे आले. वेगवेगळे आले, पण टेम्पो एकच ठरवला होता, कारण भाडं निम्मं पडतं. टेम्पो खाली उभा राहिला. कुमुदने पेट्या शेजारीशेजारी लावून ठेवल्या होत्या. तिने चादरी ओढल्या.

मी प्रथमच पाहत होतो. सागवानाच्या रेषा डाव्या पेटीच्या तळापासून कमानीसारख्या चढत गेल्या होत्या, एकात एक, आणि कडेला येऊन एकदम थांबल्या होत्या. त्या जिथे थांबल्या, तिथूनच उजव्या पेटीवरच्या रेषा सुरू होऊन पलीकडे उतरत होत्या. दोन पेट्यांवर मिळून एकच कमान होती. नुसती एक पेटी पाहिली असती तर शिंप्याने काम अर्धवट टाकलं आहे असं वाटलं असतं.

अण्णा बराच वेळ पाहत राहिले. "माझ्यावर अर्धीच आहे," ते म्हणाले.

"माझ्यावर पण अर्धीच आहे," मुकुंदा म्हणाला. त्यातल्या त्यात त्याला बरं वाटलं.

"बसा," कुमुद म्हणाली. तिने आणि मी पेट्या दोन बाजूंना सरकवल्या. समोर मधोमध तिने एक बुटकी खुर्ची ठेवली आणि तिच्यावर स्वतः बसली. भाऊ न सांगता डाव्या आणि उजव्या भिंतीला बसले. मी रेकॉर्ड लावली. एका बाईंची भैरवी होती, नानांच्या आवडीची.

आवाज आला, पण बाई कुठे गात होत्या ते कळेना. भिंतीच्या आत असाव्यात, किंवा वरच्या मजल्यावरच्या पाण्याच्या टाकीत. तबल्याचा डावा हात तर कोणी कापून नेल्यासारखा गायब होता.

"बिघडवल्यास की," अण्णा म्हणाले.

कुमुदने शांतपणे सांगितलं की पेट्या ठणठणीत आहेत. वेगवेगळ्या घरी गेल्यावर कोणीतरी एकीच्या तारा उलट्या जोडल्या आहेत. त्यामुळे एकीचा भोंगा पुढे येतो तेव्हा दुसरीचा मागे जातो, आणि दोघी मिळून एकमेकींना खातात.

भैरवी चालूच होती, टाकीतून.

"एकीच्या तारा फिरवायला हव्यात," कुमुद म्हणाली. "कोणाच्या फिरवू?"

"मुकुंदाच्या," अण्णा म्हणाले. "माझ्या बरोबर आहेत. माझ्यासमोर जोडल्या आहेत."

"माझ्या गॅलरीत कोणी हात लावलेला नाही," मुकुंदा म्हणाला. "अण्णाच्याच उलट्या असणार. अण्णाचं काय सरळ आहे?"

कोणाच्याही फिरवल्या तरी चालतात, दोन्हींची दिशा एक झाली म्हणजे झालं, असं मी मध्ये म्हणायचा प्रयत्न केला. दोघांनीही माझ्याकडे जावयाने मध्ये बोलल्यावर पाहतात तसं पाहिलं. मग पुढची पंधरा-वीस मिनिटं आपल्या तारा का फिरवू नयेत यावर दोघे बोलले. त्यात प्लॉटची हद्द आली, पातेल्यांचं वजन आलं, एकोणीसशे सत्तरच्या आसपास कोणाची सायकल कोणी पंक्चर केली तेही आलं. शेवटी अण्णा उठले.

"मी माझी घेऊन जातो. मला तिच्यावर काचपेटी ठेवायची आहे. मुकुंदा, पलीकडून धर."

पेटी एकट्याला उचलवत नव्हती. अण्णाची पीडा जाते आहे म्हटल्यावर मुकुंदाने आनंदाने पलीकडून धरली. दोघांनी मिळून ती मागची लांब तार ओढत दारापर्यंत नेली. कुमुद खुर्चीतून हलली नाही.

"ठेव ती खाली," ती म्हणाली.

आवाज चढवला नव्हता. पण त्या घरात तिने अण्णांना काही सांगितलं होतं आणि ते अण्णांनी केलं होतं, असं पूर्वी घडलेलं नव्हतं. त्यामुळे काय करावं ते न कळून दोघे पेटी हातात धरून उभे राहिले.

"कुमे," अण्णा म्हणाले, "तू सही केली आहेस."

"केली आहे. घरावर केली, प्लॉटवर केली, पातेल्यांवरही केली. मला त्यातलं काही नको." तिने खुर्चीच्या हातावर हात ठेवला. "अण्णा, तुला डावीकडचं ऐकू यायचं. याला उजवीकडचं. गाणारी बाई या दोन्ही पेट्यांत कधीच नव्हती. ती मध्ये उभी राहायची, माझ्यासमोर. तुम्ही पेट्या वाटून घेतल्या आणि ती बाई कुठे गेली ते कोणी विचारलंसुद्धा नाही. मी या जागेवर सही केलेली नाही."

खालून टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

"या पेट्या माझ्या आहेत," कुमुद म्हणाली. "दोन्ही. ज्याला न्यायची असेल त्याने अर्धी कमान घेऊन जावं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसावं की उरलेली अर्धी भावाकडे आहे."

अण्णांनी आपल्या हातातल्या अर्ध्या कमानीकडे पाहिलं. पेटी खाली ठेवायची म्हटली तरी दोघांनी मिळूनच ठेवावी लागणार होती. ती त्यांनी ठेवली. मग कुमुदने ती माझ्याकडून जागेवर सरकवून घेतली.

"आता दोघेही भिंतीकडे तोंड करा."

"काय पोरकटपणा आहे," अण्णा म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मुकुंदा आधीच राहिला होता.

कुमुदने पदर खोचला, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि एका पेटीमागे गेली. मग उगाच दुसरीमागेही गेली आणि तिथेही खुडबुड केली. परत येऊन खुर्चीत बसली आणि मला मान हलवून खूण केली.

सुई टेकली. तबल्याचा डावा हात जमिनीतून वर आला आणि माझ्या तळपायांना लागला. आणि मग त्या बाई गायला लागल्या. डावीकडून नाही, उजवीकडूनही नाही. दोन पेट्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत, जिथे आमच्या घरी पायपुसणं होतं, तिथे त्या उभ्या होत्या. श्वास घेताना कळत होत्या. मुकुंदाने भिंतीकडून तोंड वळवून पायपुसण्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिला.

अण्णा आपल्या खुर्चीत बसले आणि तिच्यासकट थोडे आत सरकले. मग आणखी थोडे. तिकडून मुकुंदाही सरकायला लागला. दोघांच्या खुर्च्या कुमुदच्या खुर्चीला येऊन टेकल्या. तिने जागा दिली नाही. रेकॉर्ड संपल्यावर अण्णांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

मध्ये कधीतरी टेम्पोवाला कंटाळून वर आला होता. त्याने दारातून विचारलं, माल कुठला? अण्णा म्हणाले, "माल नाही. जा तू."

निघताना दोघे एकत्र निघाले, कारण जिना एकच आहे. दारात अण्णांनी मागे वळून विचारलं, "फिरवल्यास कोणाच्या?"

"रविवारी या," कुमुद म्हणाली. "मध्ये मी बसणार."

ते उतरले. मी तिला विचारलं की काल सगळं जुळवून झालं होतं, तर आज सकाळी मुद्दाम उलटं का करून ठेवलंस. तिने रेकॉर्ड पाकिटात घातली आणि म्हणाली, जुळलेलं नुसतं दाखवलं असतं तर दोघांनी कौतुक करून आपापलं उचलून नेलं असतं. हे तिने इतक्या सहज सांगितलं की संसारात आजवर माझ्यासमोर काय काय उलटं जोडून ठेवलं गेलं असेल, याचा मी विचार करू लागलो.

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मुकुंदा परत वर येत होता. दारात येऊन तो थांबला, एकदा पेट्यांकडे आणि एकदा बहिणीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत जे बोलायचं राहिलं ते आता हा बोलणार, अशा समजुतीने मी आत जायला निघालो.

"ताई," तो म्हणाला, "त्या व्हिनिअरचा तुकडा उरलाय का गं? आमच्या टीपॉयचा कोपरा उडालाय."

कुमुदने काही म्हणायच्या आत खालच्या मजल्यावरून अण्णांचा आवाज आला.

"उरला असेल तर निम्मा मला ठेव."